चेक-आउट बाराला, गाडी संध्याकाळी... बॅग कुठे?

दुपारचे पावणेबारा. करोलबागेतल्या एका बऱ्यापैकी हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही ओला टॉवेल, चार्जरची वायर आणि काल जनपथवरून उचललेले चार कुर्ते यांच्याशी एकाच वेळी झटापट करताय. इंटरकॉम वाजतो. ‘सर, चेक-आउट बारह बजे है.’ आवाज गोड, मेसेज क्लिअर. निघा आता! बॅगेवर बसून चेन लावायची, बाथरूममध्ये राहिलेला टूथब्रश शेवटच्या क्षणी आठवायचा, आणि दहा मिनिटांत लॉबीत हजर. बिल दिलं, सही केली. गाडी संध्याकाळची किंवा फ्लाइट रात्रीची. हातात पाच ते नऊ तास आणि एक ट्रॉली बॅग, जिचं एक चाक कायम उजवीकडे पळतं.

या पाच-नऊ तासांचं काय करायचं, याचा विचार आपण ट्रिप प्लॅन करताना कधीच करत नाही. तिकीट दोन महिने आधी काढतो, हॉटेलचे पन्नास रिव्ह्यू वाचतो, कुठल्या गल्लीत कुठले पराठे खायचे याची लिस्ट फोनमध्ये असते. पण चेक-आउटनंतर बॅग कुठे, हा प्रश्न थेट रिसेप्शनवर उभं राहिल्यावर पडतो. मग एकतर लॉबीच्या सोफ्यावर बसून मोबाईल चाळायचा, नाहीतर मॉलच्या फूड कोर्टात बॅग दोन पायांत धरून बसायचं, नाहीतर सरळ तीन तास आधी स्टेशनवर जाऊन उंदीर मोजायचे. शनिवार-रविवारच्या ट्रिपमध्ये शेवटचा अर्धा दिवस म्हणजे ट्रिपचे पंचवीस टक्के. अप्रेझलमध्ये कोणी पंचवीस टक्के कापले तर आपण एचआरच्या केबिनबाहेर ठाण मांडू. इथे मात्र हसत हसत सोडून देतो!

म्हणून आजचा विषय बॅग. दिल्ली उदाहरणाला घेतली, कारण पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतली निम्मी जनता मीटिंग, ट्रेनिंग, एक्झिबिशन किंवा नुसत्या लाँग वीकएण्डच्या निमित्तानं कधी ना कधी तिथे जातेच. आणि दिल्लीत बॅग घेऊन फिरणं म्हणजे काय, हे एकदा केलं की माणूस परत करत नाही. मेट्रोत प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रे मशीनमध्ये टाकायची, पलीकडून उचलायची. मेट्रोचा नियम माणशी २५ किलोपर्यंतच्या एका बॅगेचा, त्यामुळे ‘एक ट्रॉली, एक सॅक, शिवाय मिठाईच्या दोन पिशव्या’ या आपल्या राष्ट्रीय पोशाखाकडे तिथला जवान जरा रोखूनच बघतो. चांदणी चौकचा मुख्य रस्ता २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ गाड्यांना बंद आहे. म्हणजे सायकल रिक्षा किंवा पाय. त्या गर्दीत ट्रॉली ओढून बघा, मागचा माणूस तुमच्या चाकांवरून उडी मारत जातो आणि खानदानाचा उद्धार करतो. अक्षरधाममध्ये तर मोबाईलसुद्धा आत नेता येत नाही, ट्रॉलीची गोष्टच सोडा.

तर फंडा नंबर एक, आणि खरं तर सगळ्यात मोठा: बॅग जिथे झोपलात तिथे ठेवू नका, जिथून निघणार आहात तिथे ठेवा.

वाचायला सोपं वाटतं, पण आपण नेमकं उलट करतो. हॉटेलवाला ‘रख दीजिए सर, कोई प्रॉब्लेम नहीं’ म्हणतो, आपण खूश होऊन बॅग तिथेच टाकतो आणि बाहेर पडतो. मग संध्याकाळची गाडी हजरत निजामुद्दीनहून, आपण असतो हुमायूनच्या मकबऱ्यात, म्हणजे स्टेशनपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर. आणि बॅग? करोलबागेत! शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग अडीच वाजताच ‘चला चला’ सुरू. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, वर दिल्लीचा ट्रॅफिक. पाच तासांतले दोन बॅगेच्या भेटीगाठीत गेले.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या निजामुद्दीनहून सुटतात, हे आधी डोक्यात पक्कं करा. मुंबई सेंट्रलची ऑगस्ट क्रांती, नाशिकमार्गे सीएसएमटीला येणारी राजधानी, पुण्याची दुरांतो, पुण्यावरून पुढे जाणारी गोवा एक्स्प्रेस. तिकिटावर ‘एनझेडएम’ लिहिलेलं असतं आणि लोक नवी दिल्ली स्टेशनवर जाऊन उभे राहतात, हा दर आठवड्याचा लोचा आहे. तर बाराला चेक-आउट करून बॅगेसकट सरळ निजामुद्दीन गाठायचं. करोलबागेहून ब्लू लाइननं मयूर विहार फेज-१, तिथून पिंक लाइन बदलली की पुढचंच स्टेशन निजामुद्दीनचं. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये बॅग टाकली की खांदे मोकळे, आणि समोर दिल्लीतला माझ्या मते सगळ्यात देखणा दोन-तीन किलोमीटरचा पट्टा.

हुमायूनचा मकबरा तर आहेच. त्या चौथऱ्याच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की ट्रॉली घेऊन वर चढणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. शेजारी सुंदर नर्सरी, २०१८ मध्ये नव्यानं खुली झालेली मोठी बाग. मकबरा आणि नर्सरी यांच्यामध्ये २०२४ मध्ये उघडलेलं हुमायूनचं म्युझियम जमिनीखाली आहे आणि मेच्या उन्हात त्याचा एसी ही खरी मुघल दौलत. रस्ता ओलांडला की निजामुद्दीन बस्ती: निजामुद्दीन औलियांचा दर्गा, त्याच आवारात अमीर खुसरोची कबर, आणि गल्लीतून जरा पुढे मिर्झा गालिब. गुरुवार असेल आणि गाडी रात्रीची, तर दर्ग्यात कव्वाली. बस्तीतल्या गल्ल्या एका माणसाच्या रुंदीच्या आहेत. तिथे बॅग घेऊन जाणं हा दुकानदारांवर आणि भाविकांवर अन्याय. हे सगळं करून रिक्षात बसलात की चहा पिऊन स्टेशनात. शहर ओलांडायचं कामच नाही.

फ्लाइटवाल्यांसाठी हाच फंडा आणखी झक्कास चालतो. दिल्लीत एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोच्या नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या दोन स्टेशनांवर काही ठरावीक विमान कंपन्यांचं चेक-इन काउंटर असतं. बोर्डिंग पास घ्या, मोठी बॅग तिथेच बेल्टवर सोडा, ती थेट विमानात. तुमची एअरलाइन त्यात आहे का आणि किती तास आधी बॅग घेतात, एवढं आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं, कारण या यादीत बदल होत असतात. यादीत असाल तर सॉलिड! शिवाजी स्टेडियम स्टेशन म्हणजे कॅनॉट प्लेसच्या कुशीत. बाहेर बाबा खडकसिंग मार्गावर सगळ्या राज्यांची एम्पोरियम्स, मोहनसिंग प्लेसच्या वरच्या मजल्यावर इंडियन कॉफी हाऊस, चालत गेलात तर जयपूरच्या सवाई जयसिंगांनी १७२४ मध्ये उभारलेलं जंतरमंतर आणि त्याच्या पुढे अग्रसेन की बावली. संध्याकाळी परत त्याच स्टेशनात शिरायचं आणि वीसेक मिनिटांत टर्मिनल थ्री. मधल्या वेळात बॅगेची आठवणसुद्धा येत नाही.

आता क्लोक रूम. रेल्वेची क्लोक रूम हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जुगाड आहे. भाडं चोवीस तासांच्या हिशोबानं, बाहेरच्या एका कॉफीच्या किमतीपेक्षा कमीच. पण तिचे स्वतःचे कायदे आहेत आणि खिडकीमागचे काका त्यात सूट देत नाहीत. प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणजे विमानानं आलेला आणि विमानानं जाणारा माणूस इथे बाद. ओळखपत्र लागतं. आणि बॅगेला कुलूप पाहिजे म्हणजे पाहिजेच! चेनवाली सॅक असेल तर दोन चेन एकत्र ओवून छोटं कुलूप. हे नेमकं खिडकीवर गेल्यावर कळतं, मग बाहेर जाऊन कुलूपवाला शोधायचा आणि वीस रुपयांचं कुलूप साठला घ्यायचं. घरूनच न्या. खाण्याचे पदार्थ बॅगेत ठेवू देत नाहीत, त्यामुळे पेठ्याचा डबा आधीच हातातल्या पिशवीत. पावती हरवली तर बॅग समोर दिसत असूनही मिळत नाही. अर्ज, ओळखपत्र, हमीपत्र अशी सगळी वरात निघते आणि तिकडे गाडीची घोषणा चालू होते.

मुंबईत सीएसएमटी, दादर आणि एलटीटीला आता मध्य रेल्वेचे डिजिटल लॉकर आहेत. पैसे भरा, लॉकर तुमचा. दिल्ली मेट्रोच्याही काही स्टेशनांवर ॲपवर चालणारे लॉकर लागले आहेत, पण त्यात सॅक मावते, तुमच्या काकूंची व्हीआयपी मावेलच असं नाही. परदेशात ‘बाउन्स’, ‘स्टॅशर’, ‘रॅडिकल स्टोरेज’ अशा ॲप्सवरून एखाद्या कॅफेत किंवा दुकानात तासांवर बॅग ठेवता येते. ऑनसाइट गेलेल्या मंडळींना हे माहीतच असेल.

एक देशी पर्यायही आहे, आणि तो अर्थातच नातेवाईक. दिल्लीत आपल्यापैकी प्रत्येकाचा कोणीतरी मावसभाऊ राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगरमध्ये यूपीएससीची तयारी करत असतो. बॅग ठेवायला त्याची खोली बेस्ट, फक्त ती चौथ्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नसते. नोएडाच्या आत्याकडे बॅग ठेवणं मात्र सगळ्यात महागडं. भाडं शून्य, पण जेवल्याशिवाय सोडत नाहीत, जेवताना लग्नाचा विषय निघतो आणि गाडी चुकायची वेळ येते. त्यापेक्षा जेवायचंच असेल तर कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन किंवा २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर झालेलं नवं सदन, कोणी काही विचारत नाही.

आता जरा सिरियस गोष्ट. कारण बॅग कुठे ठेवायची हा अर्धाच प्रश्न. ठेवलेली बॅग परत मिळाली नाही तर?

माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत आहे. दिल्लीत तीन दिवसांचं ट्रेनिंग, चौथा दिवस फिरायला. हॉटेलचं नाव राहू द्या. सकाळी चेक-आउट करून तिनं काळी ट्रॉली बेलबॉयच्या हातात दिली, त्यानं ती जिन्याखालच्या खोलीत नेऊन ठेवली. टोकन मागितलं तर ‘मॅडम, सिर्फ आपका ही बॅग है’. ती पत्रकारांची मैत्रीण असल्यामुळे असेल, पण तिनं त्या खोलीच्या दारातून बॅगेचा फोटो काढला, बेलबॉयसकट. संध्याकाळी आली तेव्हा तिथे काळी ट्रॉलीच होती, पण तिची नव्हती! दुपारी एक मोठा ग्रुप हरिद्वारला निघाला होता आणि त्यांच्या बसच्या डिकीत तिची बॅग गेली होती. मॅनेजरनं एकही शब्द न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘सामान की जिम्मेदारी स्वयं की होगी.’

लॅपटॉप खांद्यावरच्या सॅकमध्ये होता म्हणून ऑफिसात इज्जत वाचली. पण त्या ट्रॉलीत काय काय होतं? थायरॉइडच्या गोळ्या आणि फ्लॅटच्या किल्ल्या. फ्लॅटमेट गावाला गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुण्यात उतरून ही बाई स्वतःच्याच दाराबाहेर पायरीवर बसलेली, सोसायटीच्या वॉचमनचा चहा पीत, कुलूपवाल्याची वाट बघत. गोळी चुकली ती वेगळीच.

बॅग तिसऱ्या दिवशी मिळाली. मॅनेजरच्या मनाला पाझर फुटून वगैरे नाही. तिनं गाडीतूनच हॉटेलला मेल टाकला होता: बिलाची कॉपी, फोटो, वेळ, आणि एक ओळ की बॅग तुमच्या माणसानं ताब्यात घेतली होती, आता ती परत करणं तुमचं काम. हॉटेलनं ग्रुपच्या टूरवाल्याला गाठलं आणि स्वतःच्या खर्चानं कुरिअर केलं. पाटीचा विषय परत निघाला नाही.

का निघाला नाही, हे समजून घेणं तुमच्या-माझ्या फायद्याचं आहे. आपली वस्तू काही कामासाठी, परत मिळण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात देणं, याला १८७२ च्या भारतीय करार कायद्यात नाव आहे. वकील मंडळी बेलमेंट म्हणतात, कायद्याच्या मराठीत निक्षेप. लाँड्रीला दिलेला शर्ट, गॅरेजला दिलेली बाइक आणि बेलबॉयच्या हातात दिलेली ट्रॉली, सगळं एकाच रांगेत. कलम १५१ सांगतं की वस्तू घेणाऱ्यानं तिची काळजी एखादा साधा, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी तरी घ्यायलाच हवी. आणि हे ‘निक्षेपाच्या सर्व बाबतींत’. पैसे घेतले की फुकट ठेवली, हा फरक ते कलम करत नाही.

पाटीचं काय? त्यावर सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिलाय, आणि प्रकरण दिल्लीचंच. १९९८ मध्ये एका पाहुण्यानं ताजमहाल हॉटेलात आपली मारुती झेन व्हॅले पार्किंगला दिली. बाहेर आला तर गाडी दुसरंच कोणीतरी घेऊन गेलेलं. पार्किंगच्या टॅगवर छापलं होतं, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. प्रकरण वीस वर्षं फिरत फिरत सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं म्हटलं, गाडीचा ताबा एकदा हॉटेलकडे गेला की ती नीट परत करण्याची जबाबदारी हॉटेलची. हरवली तर आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे हॉटेलनं दाखवायचं. आणि स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणातून असा छापील मजकूर लावून सुटता येणार नाही. व्हॅले पार्किंग फुकट होतं हा बचावही चालला नाही. पाहुणा खोलीचे आणि जेवणाचे जे पैसे मोजतो त्यातच ते आलं.

निकाल गाडीचा आहे, बॅगेचा नाही, हे मान्य. पण मुद्दा ताब्याचा आहे आणि तो बॅगेलाही तितकाच लागू पडतो. म्हणूनच एक बारीक फरक लक्षात ठेवा. बॅग बेलबॉयच्या हातात देणं म्हणजे ताबा देणं. लॉबीतल्या सोफ्यामागे स्वतःच सरकवून ‘भैया, जरा देखना’ म्हणत बाहेर पळणं म्हणजे काहीच नाही. कोणी कोणाला काय दिलं, हे उद्या सांगणार कसं? टॅग मागा. टॅग नसेल तर रिसेप्शनच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा. तेही नसेल तर फोटो. यात ऑड काही नाही, बँकेत पैसे भरल्यावर पावती मागतोच ना आपण?

‘पण सर, आपका चेक-आउट हो गया, अब आप गेस्ट नहीं हैं’, हेसुद्धा एक ठरलेलं वाक्य. इंग्लंडमध्ये यावर छान तोडगा आहे. तिथला १९५६ चा हॉटेल मालकांचा कायदा सामानाची जबाबदारी मोजतो ती तुमच्या मुक्कामाच्या आधीच्या मध्यरात्रीपासून नंतरच्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे बाराला खोली सोडलीत तरी रात्री बारापर्यंत तुम्ही कायद्याच्या छत्रीखाली. रक्कम मात्र जुनीच, एका वस्तूला पन्नास पौंड आणि एकूण शंभर, त्यामुळे लंडनला हिऱ्यांचा हार बॅगेत सोडू नका! आपल्या करार कायद्याला तर तुम्ही गेस्ट आहात की नाही याच्याशी देणंघेणंच नाही. वस्तू दिली, घेतली, झालं.

आणि प्रकरण वाढलंच तर? पुण्या-मुंबईच्या माणसानं दिल्लीत खेटे घालायचे का? इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि हॉटेलवाल्यांना तेच हवं असतं. तर ऐका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्याच ग्राहक आयोगात तक्रार करायची मुभा दिलीय. हॉटेल दिल्लीतलं, तक्रार पुण्यात! सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. पण हे सगळं उभं राहणार कशावर? बिल, टॅग, फोटो, मेल. माझ्या मैत्रिणीचं काम एका फोटोवर झालं.

हॉटेलवाले सगळे व्हिलन नाहीत, हेही सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी बॅग नीट राहते, बेलबॉय पन्नासची नोट घेऊन परत रिक्षापर्यंत आणून देतो. पहाटे सहाला पोहोचलात आणि खोली दुपारी दोनला मिळणार असेल तरी बॅग ठेवून घेतात, वॉशरूम वापरू देतात. मुद्दा एवढाच की बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात. चेक-आउटनंतर बॅग ठेवता येईल का, खोलीला कुलूप असतं का, आणि टॅग मिळतो का. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली तर समजून जा. पहाडगंज-करोलबागेत चोवीस तासांच्या हिशोबाची हॉटेलंही असतात. रात्री आठला चेक-इन केलं तर चेक-आउटही दुसऱ्या दिवशी रात्री आठला. रात्रीच्या फ्लाइटवाल्यांनी ती शोधावीत, बॅगेचा प्रश्नच मिटतो. लेट चेक-आउट फुकटात मागायला लाजू नका. सोमवार ते गुरुवार हॉटेल रिकामं असेल तर दोन तास सहज मिळतात.

सोमवारचा विषय निघालाच आहे तर, लाल किल्ला, लोटस टेम्पल, अक्षरधाम आणि नॅशनल म्युझियम चारही सोमवारी बंद. शेवटचा दिवस सोमवार असेल तर आधी बघून ठेवा, नाहीतर बॅग मोकळी आणि तुम्हीही मोकळे. रविवार असेल तर दिल्ली गेटजवळ महिला हाटमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, २०१९ पर्यंत दर्यागंजच्या फुटपाथवर भरायचा तोच. किलोच्या भावानं पुस्तकं घेताना बॅग क्लोक रूममध्ये फुल्ल पॅक आहे, याची आठवण ठेवा. एक रिकामी कापडी पिशवी सॅकमध्ये टाकलेली असली की झालं.

आणि त्या सॅकमध्ये, जी दिवसभर तुमच्या खांद्यावर असणार आहे, काय काय हवं? लॅपटॉप, कारण त्यात ऑफिसचा डेटा आहे आणि तो हरवला तर हॉटेलपेक्षा आयटी डिपार्टमेंट जास्त त्रास देतं. औषधं. घराच्या किल्ल्या. ओळखपत्र, तिकीट, चार्जर, एक टी-शर्ट. ट्रॉलीत फक्त ते, जे तीन दिवस उशिरा मिळालं तरी चालेल. बॅग काळी असेल तर हँडलला लाल-पिवळी काहीतरी चिंधी बांधा, कितीही डाऊनमार्केट वाटली तरी.

गाडी पाचची असेल तर चारला क्लोक रूमच्या खिडकीवर हजर व्हा. दुपारी ड्युटी बदलते, त्या पंधरा-वीस मिनिटांत खिडकीवर कोणी नसतं आणि मागे रांग वाढत जाते. पावती पाकिटात ठेवा आणि मिळाल्या मिळाल्या तिचा फोटो काढा. मशीनमधून निघालेला तो गुळगुळीत कागद असेल तर दिल्लीच्या उन्हात, घामट खिशात संध्याकाळपर्यंत त्यावरची अक्षरं पुसट होतात आणि खिडकीमागचे काका चष्मा वर करून विचारतात, ‘ये कौन सा नंबर है?’